आधी दाब मोजा, मग पार्ट बदला

कष्टकऱ्याच्या घरात मोटार येते ती मिरवायला येत नाही, घर चालवायला येते. तिच्या चार चाकांवर बँकेचा हप्ता, मुलांची फी, म्हाताऱ्यांची औषधे आणि चुलीवरचा तवा, असे सगळे बसलेले असते. म्हणून अशी गाडी सकाळी सुरू झाली नाही, तर नुसती गाडी बंद पडत नाही. घराचा दिवस बंद पडतो. आणि घाबरलेल्या माणसाच्या खिशातून पैसा कसा निघतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. एक जण सांगतो बॅटरी गेली, दुसरा सांगतो प्लग गेले, तिसरा सांगतो पंप गेला. तिघेही अंदाज सांगतात; दाम मात्र खरे मोजावे लागतात. आपल्या वस्तीत आज टॅक्सी, टूरिस्ट गाडी, शाळेच्या मुलांची गाडी चालवून पोट भरणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मी एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षे मेकॅनिक म्हणून काढली. आमचे काम डिझेल बसचे. पहाटेची बस उचलत नसली की आमचे हेड मेकॅनिक पहिला प्रश्न एकच विचारीत, "डिझेल पुढे येते का? डोळ्यांनी पाहिलेस, की तुला वाटते?" 'वाटते' असे कोणी म्हटले, की ते त्याला परत बसखाली पाठवीत. त्या एका प्रश्नावर माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर तोच प्रश्न भाच्याच्या गाडीवर कामास आला.

भाचा आणि भाचेसून कल्याण पूर्वेला राहतात. २०२२ साली त्यांनी कर्ज काढून एक जुनी पेट्रोल-सीएनजी गाडी घेतली. भाचा गाडी चालवतो आणि सूनबाई हिशेब ठेवते. त्यांचे एक कायमचे भाडे होते, एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे. बाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ठाण्याला न्यावे लागे. पहाटे ५ ला निघायचे आणि दुपारी परत आणायचे. रिक्षा बदलत, लोकलच्या गर्दीत चढत जाण्याची त्यांची ताकद नव्हती. भाच्याची गाडी हाच त्यांचा आधार होता, आणि त्यांचे भाडे हा भाच्याच्या हप्त्याचा आधार होता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सेल्फ तीन-चारदा मारल्यावर गाडी उचले. दुपारी गरम इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबले, की मग तर सेल्फ फिरतच राही आणि गाडी काही सुरू होईना. एका दुपारी दवाखान्याच्या फाटकाशी पाऊण तास गाडी उभी राहिली. डायलिसिस करून आलेल्या बाई मागच्या सीटवर डोळे मिटून, तापलेल्या पत्र्याखाली बसलेल्या होत्या. भाचा घरी आला तो न जेवताच झोपला.

गाडी एका गॅरेजात दाखवली. तिथे बॅटरी बदलली, ४,६०० रुपये. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग प्लग बदलले, मजुरी धरून १,१०० रुपये. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सांगण्यात आले, "पेट्रोलचा पंप गेला, अख्खा संच बदलावा लागेल, ७,८०० रुपये." त्या महिन्याचा हप्ता भरायचा होता. सूनबाईने मला फोन केला. "मामा, पंप खरंच गेलाय का, एवढंच मला कोणीतरी सांगा. गेला असेल तर मी उसनवारी करीन. पण पुन्हा अंदाजावर पैसे द्यायची माझी तयारी नाही."

मला तिचा प्रश्न फार आवडला. त्याचे उत्तर शोधताना आम्ही जे केले, ते आता क्रमाने सांगतो.

आधी पेट्रोल इंजिनापर्यंत कसे जाते ते समजून घेऊ. जुन्या पद्मिनी टॅक्सीत कार्बोरेटर होता. मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. तिचा पंप इंजिनाच्या जोरावर चाले आणि त्याचा दाब अगदी थोडा, पाव बारच्या आसपास असे. नवीन पद्धतीच्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला विजेचा पंप असतो. तो पेट्रोल ढकलतो इंजिनावरच्या एका नळीत, तिला रेल म्हणतात. रेलवर इंजेक्टर बसवलेले असतात. कॉम्प्युटर सांगेल तेवढाच क्षण ते उघडतात आणि पेट्रोलचा फवारा मारतात. या रेलमध्ये साधारणपणे ३ बारच्या आसपास दाब लागतो. चाकात आपण ३२-३३ पौंड हवा भरतो. हा दाब ४३-४४ पौंड होतो. अचूक आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि तो तिच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेला असतो. दाब कमी पडला, तर इंजेक्टर उघडूनही पुरेसे पेट्रोल येत नाही आणि फवारा नीट होत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गाडी बंद केल्यावरही हा दाब बराच वेळ टिकून राहावा लागतो. त्यासाठी पंपात एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पेट्रोल पुढे जाऊ देणारी पण मागे येऊ न देणारी झडप. आपल्या चाळीत पाण्याच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह असतो ना, अगदी तसेच. फूटव्हॉल्व्ह गळका झाला की रात्रीतून पाइपातले पाणी उतरते आणि सकाळी मोटार नुसती फिरते, पाणी चढत नाही. गाडीतही दाब उतरला की नळीत पेट्रोलची वाफ धरते. गरम इंजिन बंद करून ठेवले की बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी हा त्रास सर्वांत जास्त होतो. भाच्याच्या गाडीचे लक्षण नेमके तेच होते.

आम्ही पाना हातात घेतला नाही. सूनबाईने मुलीची एक जुनी वही घेतली आणि तीन दिवस नोंद ठेवली. गाडी किती वेळ बंद होती, इंजिन थंड की गरम, सेल्फ किती वेळा मारला, पेट्रोलचा वास आला का, धूर कसा होता. तीन दिवसांत वहीनेच निम्मे काम केले. गाडी सुरू झाली की पेट्रोलवर अडखळे; पण गॅसवर गेली की दिवसभर सुरेख चाले, चढावरही दम सोडत नसे. या एका ओळीवरून केवढे कळते पाहा! गॅसवर इंजिन उत्तम चालते, म्हणजे ठिणगी ठीक आहे, प्लग ठीक आहेत, इंजिनाचे कॉम्प्रेशन ठीक आहे. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे. दोष राहिला तो फक्त पेट्रोलच्या वाटेवर. बॅटरी आणि प्लग यांवर गेलेले ५,७०० रुपये हा विचार दोन मिनिटे केला असता तर वाचले असते.

मग फुकटातली एक परीक्षा केली. चावी 'ऑन' केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घुंईं असा आवाज येतो आणि थांबतो. तो पंपाचा आवाज. तो आलाच नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. आमच्या गाडीत आवाज येत होता. मी भाच्याला सांगितले, "सेल्फ मारू नकोस. चावी ऑन कर, आवाज थांबू दे, बंद कर. असे तीनदा कर आणि मग सेल्फ मार." गाडी पहिल्याच सेल्फला उचलली. भाचा माझ्याकडे पाहतच राहिला. यात जादू काही नाही. प्रत्येक वेळी पंपाने थोडा थोडा दाब चढवला, आणि तीन वेळांत तो पुरेसा झाला. म्हणजे पंप जिवंत होता. दाब मात्र टिकत नव्हता किंवा उशिरा चढत होता.

आता मात्र गेज हवा होता. कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर बहुतेक जण भरवसा ठेवतात. पण अशा साध्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. मग स्कॅनर तो दाखवणार कुठून? स्कॅनरमध्ये कोड नाही, म्हणजे दोष नाही, असे नव्हे.

वस्तीतलाच एक तरुण मेस्त्री आहे, आय.टी.आय. झालेला. त्याच्याकडे गेज होता. काम उघड्यावर केले. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन पेट्रोलवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. नळीच्या जोडाभोवती फडके धरले आणि जोड सोडवला. जवळ विडी-काडी नाही, उघडा बल्ब नाही, आणि हाताशी पावडरचा अग्निशामक. हे सगळे पाळल्याशिवाय पेट्रोलच्या नळीला हात लावू नये. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगीही पकडते. जोडात गेज बसवून, फ्यूज आणि बॅटरी पुन्हा लावून मोजणीला सुरुवात केली.

सूनबाई वहीत लिहीत होती. त्या गाडीला हवा होता ३ बार. पहिल्या चावीला काटा १.६ वर गेला. तिसऱ्या चावीला २.४. चावी बंद केल्यावर एका मिनिटाच्या आत काटा शून्यावर! दोष डोळ्यांना दिसला.

पण दोष कोणत्या बाजूला? दाब दोन वाटांनी पळू शकतो. एक तर मागे टाकीकडे किंवा पुढे गळक्या इंजेक्टरमधून इंजिनात. मेस्त्रीने टाकी आणि गेज यांच्यामध्ये रबरी नळीचा तुकडा घातलेला होता. पंप चालवून दाब चढवला आणि लगेच तो तुकडा चिमट्याने दाबून बंद केला. (गाडीची मूळची कडक प्लास्टिकची नळी अशी कधी दाबू नये, ती चिरते.) दहा मिनिटे झाली. काटा २.४ वरून फक्त २.३ वर आला. म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते. दाब टाकीकडे पळत होता. मग पंपाच्या सॉकेटवर मीटर लावून पाहिले. बॅटरीत १२.४ व्होल्ट, पंपाला मिळतात १२. म्हणजे वायरिंग आणि अर्थिंगही ठीक होते. वीज कमी मिळाली तर चांगला पंपही दमतो, म्हणून पंपाला दोष देण्याआधी हे पाहणे जरूर आहे.

आता टाकी उघडण्याला अर्थ होता. पंपाचा संच बाहेर काढला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पंपापासून वर जाणारी आतली छोटी नळी जोडापाशी चिरलेली होती, आणि पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने काळी झाली होती. पंपाची मोटार आणि झडप दोन्ही शाबूत. नळी आणि जाळी बदलली. टाकीत बुडून राहणारी नळी खास त्यासाठीच केलेली लागते. बाहेरची साधी पेट्रोलची नळी आत टाकली तर ती काही दिवसांत फुगते आणि फाटते. सगळे जोडून पुन्हा गेज लावला. पहिल्या चावीला ३ बार. गाडी बंद करून वीस मिनिटांनी २.७. मजुरीसकट खर्च १,१५० रुपये. सूनबाईने वहीत ७,८०० लिहून त्याखाली १,१५० लिहिले आणि वजाबाकी करून ६,६५० ला दोन रेघा मारल्या.

पहिल्या गॅरेजने सांगितलेली दिशा खोटी नव्हती, दोष टाकीतच होता. पण दिशा माहीत असणे आणि मोजून पाहणे यांत ६,६५० रुपयांचे अंतर होते. आणि मोजल्यावर पंपच गेलेला निघाला असता, तर तो बदलावाच लागला असता. मग त्या पैशांचे दुःख झाले नसते. मोजण्याचा फायदा हा, की खर्च झाला तरी तो डोळस होतो.

प्रत्येक गाडीचा दोष हाच असेल असे मात्र समजू नका. नळी चिमटल्यावरही दाब उतरत राहिला, तर इंजेक्टर गळत असण्याचा संभव असतो. मग गरम गाडी सुरू होताना पेट्रोलचा वास येतो, काळा धूर येतो. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, की कॉम्प्युटर तेवढ्यापुरते पेट्रोल तोडतो आणि जादा पेट्रोल निघून जाते. दाब मुळातच कमी असेल, तर फिल्टर, जाळी, रेग्युलेटर, पंप आणि पंपाला मिळणारी वीज, असे एकामागून एक पाहावे. जुन्या काही गाड्यांत रेग्युलेटर इंजिनावर असतो आणि त्याला एक बारीक रबरी नळी जोडलेली असते. त्या नळीत पेट्रोल सापडले, तर आतला पडदा फाटला समजावे. दाब सगळा बरोबर असूनही थंडीत गाडी उचलत नसेल, तर इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर तपासावा. गरम झाल्यावर गाडी अचानक बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते, असे असेल तर क्रँकचा सेन्सर. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर मूळ दोष बाजूला राहून सेल्फ आणि बॅटरीच खर्चात घालतात.

आता घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवाव्या अशा तीन गोष्टी. पहिली, सीएनजी गाडीचे बरेच चालक 'सुरू होण्यापुरतेच लागते' म्हणून टाकीत पेट्रोल नावापुरते ठेवतात. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तो पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली की पंप तापतो आणि तळचा गाळ ओढतो. पाव टाकी पेट्रोल नेहमी ठेवावे. दुसरी, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची सवय आपल्याकडे अजून आहे, ती आजच सोडा. पेट्रोलचा घोट फुफ्फुसात गेला तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर त्याला उलटी करायला लावू नका, तडक दवाखान्यात न्या. तिसरी, नव्या डिझेल गाड्यांत हजार बारच्या वर दाब असतो आणि त्याची बारीक धार कातडीतून आत शिरते. काही नव्या पेट्रोल गाड्यांतही इंजिनाजवळ फार मोठा दाब असतो. तिथे घरगुती खटपट नको. ते काम शिकलेल्या माणसाचे आणि योग्य हत्यारांचे.

गाडी दुरुस्त झाल्यावर पहिल्याच फेरीला भाच्याने दवाखान्याच्या फाटकाशी इंजिन मुद्दाम बंद केले आणि वीस मिनिटांनी सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली. मागच्या सीटवरून बाई एवढेच म्हणाल्या, "आता मी दुसरी गाडी शोधत नाही." भाच्याने हे घरी येऊन सांगितले तेव्हा सूनबाईने ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवून दिली. आता त्यात ऑइल बदलल्याची तारीख, भरलेले पेट्रोल, प्रत्येक दुरुस्ती आणि मोजलेला आकडा लिहिला जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, मेस्त्रीशी भांडायला सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. चांगला मेस्त्री प्रश्नाने रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. कोणी म्हणाला पंप गेला, तर शांतपणे विचारा, "दाब किती आला? किती यायला हवा होता? बंद केल्यावर किती वेळ टिकला? पंपाला व्होल्ट किती मिळतात?" या चार प्रश्नांना शिक्षण लागत नाही, पैसे लागत नाहीत. आणि ज्यांच्या घरी दहावी झालेली मुले-मुली आहेत, त्यांनी आय.टी.आय.मधल्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या ट्रेडचा विचार अवश्य करावा. मुलींनी तर जरूर करावा. पाना चालवायला हाताची ताकद थोडी लागते. पण दोष शोधायला लागते ती नोंद ठेवायची चिकाटी. ती आमच्या सूनबाईत किती आहे, हे मी त्या वहीत पाहिले आहे.